कायदा कोणाला स्त्री म्हणतो?

१९६३ साली जिब्राल्टरमध्ये आर्थर कॉर्बेट आणि एप्रिल अॅशले यांचे लग्न झाले. एप्रिल अॅशले ही त्या काळची नावाजलेली ब्रिटिश मॉडेल. जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा म्हणून झाली होती आणि १९६० साली कासाब्लांकामध्ये तिने लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली होती. कॉर्बेटला हे लग्नाआधीपासून ठाऊक होते. संसार टिकला नाही. पोटगीचा विषय निघाला तेव्हा कॉर्बेटने न्यायालयात धाव घेतली. पत्नी जन्माने पुरुष असल्यामुळे हा विवाह मुळात झालेलाच नाही, असे त्याचे म्हणणे होते.

खटला न्यायमूर्ती रॉजर ऑर्मरॉड यांच्यापुढे आला. ते स्वतः वैद्यकाची पदवी घेतलेले होते. फेब्रुवारी १९७० मध्ये त्यांनी निकाल दिला. जन्माच्या वेळी गुणसूत्रे, जननग्रंथी आणि जननेंद्रिये या तिन्हींची साक्ष एकच असेल, तर विवाहासाठी व्यक्तीचे लिंग तेच धरायचे आणि नंतरची शस्त्रक्रिया विचारात घ्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. लग्न रद्द झाले.

या निकालातल्या दोन गोष्टींकडे पुढच्या काळात फारसे कोणी लक्ष दिले नाही. तिन्ही कसोट्यांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत तर काय करायचे, हा प्रश्न ऑर्मरॉड यांनी मोकळा ठेवला होता. शिवाय आपण फक्त विवाहापुरते बोलत आहोत, या व्यक्तीचे सर्वसाधारण ‘कायदेशीर लिंग’ ठरवत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. तरी एका खटल्यापुरती ओढलेली ही रेघ लांबत गेली. १९८३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तीच कसोटी फौजदारी कायद्यालाही लावली.

जैविक लिंगाची कायदेशीर व्याख्या काय असावी, या आजच्या वादाचे मूळ इथे आहे. एका कामासाठी केलेली व्याख्या दुसऱ्या कामाला जुंपली की काय होते, हे समजून घेतल्याशिवाय या वादात कोणाचेच म्हणणे नीट कळत नाही.

शरीराची साक्ष

जीवशास्त्रापासून सुरुवात करू, कारण दोन्ही बाजू त्याचाच हवाला देतात.

लैंगिक प्रजनन करणाऱ्या बहुतेक बहुपेशीय सजीवांमध्ये जननपेशी दोन प्रकारच्या असतात. मोठी आणि स्थिर ती बीजांड, लहान आणि चंचल तो शुक्राणू. तिसऱ्या प्रकारची जननपेशी माणसात नाही. ज्याचे शरीर बीजांडे निर्माण करण्याच्या दिशेने घडलेले ती मादी, शुक्राणूंच्या दिशेने घडलेला तो नर, ही व्याख्या जीवशास्त्रात भक्कम आहे आणि ती टाकून देण्याचे काही कारण नाही.

पण ‘दिशेने घडलेले’ या दोन शब्दांत पुष्कळ काही सामावले आहे. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत त्याच्या जननग्रंथी दोन्हीकडे वळू शकतील अशाच असतात. त्यानंतर वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय हे जनुक कामाला लागले, तर त्या ग्रंथींचे वृषण होतात. लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी हे जनुक १९९० साली शोधले. पुढे वृषणांतून संप्रेरके स्रवतात आणि बाकीचे शरीर त्यांना प्रतिसाद देत घडते. या साखळीतली प्रत्येक कडी वेगळी असल्यामुळे ती कुठेही निसटू शकते. एसआरवाय जनुक क्वचित एक्स गुणसूत्रावर जाऊन बसते आणि एक्सएक्स गुणसूत्रांचे बाळ मुलगा म्हणून जन्मते. कधी वृषण असतात, टेस्टोस्टेरॉनही तयार होते, पण पेशींना ते ओळखताच येत नाही. अशी व्यक्ती एक्सवाय गुणसूत्रे असूनही मुलगी म्हणून जन्मते, मुलगी म्हणून वाढते, आणि वयात येऊनही पाळी आली नाही म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर तिला स्वतःच्या शरीराची हकीकत कळते.

अशा आंतरलिंगी व्यक्ती किती? अॅन फॉस्टो-स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज १.७ टक्के होता. लेनर्ड सॅक्स यांनी २००२ साली तो खोडून ०.०१८ टक्के हा आकडा मांडला. दोन्हींमध्ये जवळजवळ शंभर पटींचा फरक आहे, आणि तो मोजणीतल्या चुकीमुळे पडलेला नाही. संप्रेरकांतला आणि गुणसूत्रांतला प्रत्येक फरक धरायचा, की बाह्य शरीर पाहून लिंग सांगता येत नाही तेवढ्याच व्यक्ती मोजायच्या, यावर तो अवलंबून आहे. मोजणीच्याही आधी व्याख्या येते.

पारलिंगी व्यक्तींचा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि चर्चेत या दोन गोष्टींची सरमिसळ सर्रास होते. बहुतेक पारलिंगी व्यक्तींच्या बाबतीत शरीराची साक्ष जन्मतः स्पष्टच असते. त्यांची स्वतःची ओळख मात्र त्या साक्षीशी जुळत नाही. आंतरलिंगी माणसे आहेत म्हणून स्त्री-पुरुष हा भेदच खोटा ठरत नाही. तसेच, हा भेद खरा आहे म्हणून पारलिंगी माणसांचे जगणे खोटे ठरत नाही.

गालाच्या आतल्या पेशी

व्याख्येचे शस्त्र प्रत्यक्षात कसे चालते, हे खेळाच्या मैदानावर सर्वांत स्पष्ट दिसले. १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये महिला खेळाडूंची गुणसूत्र चाचणी सुरू झाली. गालाच्या आतल्या बाजूने पेशी खरवडून घ्यायच्या आणि दोन एक्स गुणसूत्रे असल्याची खूण सूक्ष्मदर्शकाखाली शोधायची, अशी ती पद्धत. उत्तीर्ण झालेल्या खेळाडूला प्रमाणपत्र मिळे.

स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होजे मार्टिनेझ-पातिन्यो हिच्याकडे १९८३ सालचे असे प्रमाणपत्र होते. १९८५ साली जपानमधल्या कोबे इथे जागतिक विद्यापीठ स्पर्धेला जाताना ते घरी राहिले, म्हणून चाचणी पुन्हा झाली. या वेळी निष्कर्ष वेगळा आला. तिची गुणसूत्रे एक्सवाय होती आणि तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद देत नव्हत्या. दुखापतीचे निमित्त सांगून शर्यतीतून बाजूला हो, असा सल्ला तिला मिळाला. पुढच्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेत धावली, जिंकली, आणि तिच्या शरीराची बातमी वर्तमानपत्रांत आली. शिष्यवृत्ती गेली, नोंदवलेले विक्रम पुसले गेले, ठरलेले लग्न मोडले. ज्या संप्रेरकाचा फायदा तिला झाला असे मानले गेले, ते तिच्या शरीराला वापरताच येत नव्हते. हे पटवून देण्यात तीन वर्षे गेली. १९८८ साली तिला परवानगी परत मिळाली, पण धावपटूच्या आयुष्यातली उमेदीची वर्षे निघून गेली होती.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ महिला खेळाडू तपासल्या गेल्या. आठ जणींमध्ये एसआरवाय जनुक सापडले. पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिले गेले, आणि १९९९ साली ही सरसकट चाचणी बंद झाली. पण टेस्टोस्टेरॉनचा वाद थांबला नाही. दक्षिण आफ्रिकेची कास्टर सेमेन्या आणि आपली द्युती चंद यांच्या निमित्ताने तो क्रीडा लवादापर्यंत गेला. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी एसआरवाय चाचणी पुन्हा आणली. त्या जनुकाच्या शोधात आघाडीवर असलेले अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच तिला विरोध केला. जनुक आहे की नाही एवढेच ही चाचणी सांगते, ते शरीरात काय काम करते हे सांगत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे.

संघटनेची बाजूही पोकळ नाही. पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या शरीराची उंची, हाडे, स्नायू आणि हृदय-फुप्फुसांची क्षमता यांचा शर्यतीत मोठा फरक पडतो. महिलांचा गट वेगळा ठेवला जातो तो याच कारणाने. पण मग नियमाचा खरा विषय पौगंडातला टेस्टोस्टेरॉनचा परिणाम हा आहे, आणि एसआरवाय हा त्याचा एक ढोबळ पुरावा. पुराव्यालाच व्याख्या मानले की पातिन्योसारखी खेळाडू नाहक बळी जाते.

ब्रिटन: एका मंडळाच्या जागांवरून

कॉर्बेट निकालाचा अंमल ब्रिटनमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ चालला. २००२ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने याच मुद्द्यावर ब्रिटनला दोषी ठरवले आणि २००४ साली लिंगभाव मान्यता कायदा आला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, वैद्यकीय निदान असलेल्या आणि दोन वर्षे स्वीकारलेल्या लिंगभावात जगलेल्या व्यक्तीला प्रमाणपत्र मिळू लागले. शस्त्रक्रियेची सक्ती नव्हती. प्रमाणपत्रानंतर तो लिंगभाव ‘सर्व कारणांसाठी’ लागू होईल, असे कायदा म्हणतो. पण त्याच कायद्यात अपवादही आहेत. मुलांच्या संदर्भात आई किंवा बाप म्हणून असलेले स्थान बदलत नाही. उमरावांच्या घराण्यातल्या किताबाचा वारसाही बदलत नाही. म्हणजे ‘सर्व कारणांसाठी’ लिहिताना संसदेलाही कारणे वेगळी करावीच लागली.

२०१० साली समानता कायदा आला. त्यात स्त्री म्हणजे ‘कोणत्याही वयाची मादी’ एवढीच व्याख्या आहे. मग २०१८ साली स्कॉटलंडने सार्वजनिक मंडळांवर निम्म्या जागा स्त्रियांना मिळाव्यात यासाठी कायदा केला आणि प्रश्न उभा राहिला: प्रमाणपत्र असलेली पारलिंगी स्त्री या निम्म्यात धरायची का? ‘फॉर वीमेन स्कॉटलंड’ ही संघटना न्यायालयात गेली. १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की समानता कायद्यातले ‘स्त्री’ आणि ‘लिंग’ हे शब्द जैविक लिंगासाठीच आहेत.

न्यायालयाचा युक्तिवाद कायद्याच्या आतून आला होता. गर्भारपण आणि बाळंतपणाचे संरक्षण कायद्याने ‘स्त्री’ला दिले आहे. प्रमाणपत्राप्रमाणे अर्थ लावला तर प्रमाणपत्र घेतलेला पारलिंगी पुरुष गरोदर राहिल्यास त्याला हे संरक्षण उरत नाही. एका कलमात स्त्रीचा एक अर्थ आणि दुसऱ्या कलमात दुसरा असे झाले तर दुकानदार, रुग्णालय, शाळा यांनी वागायचे कसे? पारलिंगी व्यक्तींना भेदभावाविरुद्धचे वेगळे संरक्षण याच कायद्यात आहे आणि ते कायम राहते, हेही न्यायालयाने बजावले. या निकालाकडे एका गटाचा दुसऱ्यावरचा विजय म्हणून पाहू नये, असे निकाल वाचणारे लॉर्ड हॉज यांनी सांगितले.

बाहेर मात्र दोन्हीकडच्या भावना तीव्र होत्या. अत्याचार झालेल्या स्त्रियांच्या आधारगृहात, तुरुंगात, रुग्णालयाच्या वॉर्डात पुरुषी शरीर नको, ही मागणी करणाऱ्या स्त्रियांना अनेक वर्षे द्वेष्ट्या ठरवले गेले होते. त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे आणि तिला कायद्यात जागा असायलाच हवी. दुसरीकडे, वीस वर्षे स्त्री म्हणून नोकरी केलेल्या पारलिंगी स्त्रीने उद्या कार्यालयात कोणत्या स्वच्छतागृहात जायचे? निकालानंतर नऊ दिवसांनी समानता आयोगाने तात्पुरते स्पष्टीकरण काढले. त्याचा अर्थ असा निघत होता की पारलिंगी स्त्रीला स्त्रियांची जागा नाही, काही परिस्थितीत पुरुषांचीही नाही, आणि तरी तिच्यासाठी कोणतीच सोय नाही असेही होता कामा नये. मग सोय करायची कोणी, कोणाच्या खर्चाने? रेघ ओढली गेली, पण रेघेपलीकडच्या माणसांसाठी काय, ही ओळ कोरी राहिली.

ब्रिटनच्या न्यायालयाने निदान एका कायद्यातल्या शब्दांपुरता अर्थ लावला. इतर काही देशांत सरकारांनी एकच व्याख्या सगळीकडे लागू केली. हंगेरीने २०२० साली जन्मनोंदणीतले लिंग प्राथमिक लैंगिक लक्षणे आणि गुणसूत्रांवर बांधून ते बदलण्याची वाट बंद केली. अमेरिकेत २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला: गर्भधारणेच्या क्षणी जी व्यक्ती मोठी जननपेशी निर्माण करणाऱ्या लिंगाची असते ती स्त्री. गर्भधारणेच्या क्षणी गर्भ ही एक पेशी असते. तिच्यात जननग्रंथी नसतात, जननपेशी निर्माण होणे तर दूरच. पासपोर्टवर कोणते अक्षर छापायचे हे ठरवणाऱ्या कारकुनाला या व्याख्येने काहीही तपासता येत नाही. व्यवहारात तो जन्मदाखलाच पाहणार.

आपल्याकडे: कलम १० ते भादली बुद्रुक

भारताच्या कायद्याने या प्रश्नाला फार काळ हात लावला नव्हता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले कलम १० स्त्री म्हणजे कोणत्याही वयाची मानवी मादी, एवढेच सांगत होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही व्याख्या तशीच आहे.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री यांनी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजेच नालसाच्या खटल्यात निकाल दिला. त्यांनी कॉर्बेटची जैविक कसोटी नाव घेऊन बाजूला ठेवली आणि व्यक्तीच्या मनाची कसोटी स्वीकारली. पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. जी रेघ लंडनमध्ये ओढली गेली तिला दिल्लीत उत्तर मिळाले.

तत्त्व ठरले, पण तपशील गावपातळीवर सोडवावे लागले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका तृतीयपंथी उमेदवाराने महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी तिला लढण्याची परवानगी दिली. स्त्री ही ओळख तिने कायमची स्वीकारली आहे आणि आरक्षणाच्या फायद्यासाठी ती उद्या बदलणार नाही, हेही न्यायालयाने नोंदवून घेतले. ती निवडून आली. मार्च २०२३ मध्ये न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी शस्त्रक्रियेनंतर स्त्री झालेल्या व्यक्तीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण दिले. घरात मार खाणाऱ्या पत्नीला गुणसूत्रे विचारायचे काही कारण नव्हते, आणि न्यायालयाने ती विचारली नाहीत.

पण पोलीस भरतीत वेगळीच अडचण आली. राज्याच्या शिपाई भरतीत पुरुष १६०० मीटर धावतात, स्त्रिया ८०० मीटर. अर्जात तृतीयपंथींसाठी रकानाच नव्हता. प्रशासकीय न्यायाधिकरणाने तो ठेवायला सांगितले तेव्हा सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने खडसावल्यावर सरकारने रकाना वाढवला आणि शारीरिक चाचणीचे निकष फेब्रुवारी २०२३ अखेर ठरवण्याचे कबूल केले. ओळख मान्य करणे एका आदेशात होते. त्या ओळखीच्या माणसाने किती मीटर धावायचे, हे मात्र कोणालातरी बसून, शरीरांचा अभ्यास करूनच ठरवावे लागते.

याहून गंभीर बाब शिक्षेची. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती कायद्याने पारलिंगी व्यक्तीच्या लैंगिक छळाला सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवली. स्वतंत्र ओळख दिली, आणि त्या ओळखीच्या देहाची किंमत कमी लावली. वेगळा रकाना म्हणजे आपोआप न्याय, असे मानणाऱ्यांनी ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत.

कशासाठी, हे आधी

एवढे सगळे पाहिल्यावर मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. जैविक लिंग खरे आहे आणि कायद्याला ते लागते. पण ‘स्त्री कोण’ हा प्रश्न सुटा विचारून कायदा नीट होत नाही. प्रत्येक तरतुदीला विचारायला हवे की तिला शरीराची नेमकी कोणती गोष्ट हवी आहे.

बाळंतपणाच्या रजेला गर्भाशय लागते, म्हणून ती बाळंत होणाऱ्या व्यक्तीला द्यावी, दाखल्यावर काहीही लिहिलेले असो. केरळमध्ये पारलिंगी पुरुषाने बाळाला जन्म दिल्यावर जून २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने जन्मदाखल्यावर आई-वडिलांऐवजी ‘पालक’ लिहायला सांगितले. बाळाचे काहीही बिघडले नाही. कर्करोगाच्या तपासणीला अवयव लागतो. शर्यतीला पौगंडावस्थेचा इतिहास लागतो. तुरुंगाला बळाचा आणि गुन्ह्याच्या स्वरूपाचा विचार लागतो, आणि तिथे स्त्री कैद्यांची सुरक्षितता पहिली, पण पारलिंगी स्त्रीला पुरुषांच्या बराकीत ढकलणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. राखीव जागेला पिढ्यान्पिढ्या डावलले गेल्याचा इतिहास लागतो, आणि तिथे जन्मतः मुलगी म्हणून भोगलेले डावलणे आणि तृतीयपंथी म्हणून भोगलेले डावलणे ही दोन वेगळी दुःखे आहेत. कर्नाटकने २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथींना सर्व प्रवर्गांत एक टक्का समांतर आरक्षण दिले. त्यामुळे स्त्रियांच्या जागांवरून भांडण लावायची गरजच उरत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप ब्रिटनच्या न्यायालयाने मांडला आहे: एका कायद्यात एका शब्दाचे दहा अर्थ झाले तर सामान्य माणसाने कायदा पाळायचा कसा? आक्षेप खरा आहे, पण त्यावरचा उपाय कायदा लिहिणाऱ्यांच्या हाती आहे. ‘स्त्री’ या एका शब्दावर सगळा भार टाकण्याऐवजी ‘गरोदर व्यक्ती’, ‘पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेला खेळाडू’, ‘जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेली व्यक्ती’ असे सरळ लिहिता येते. लांबते, पण कळते. जिथे जैविक लिंग हवे तिथे ते न लाजता लिहावे. जिथे नको तिथे सवयीने लिहू नये.

आणि दुसरी अट, जी मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. रेघ ओढणाऱ्या कायद्याने रेघेच्या पलीकडे राहणाऱ्यांना काय मिळेल, हे त्याच मसुद्यात, खर्चाच्या तरतुदीसह लिहावे. स्त्रियांचे आधारगृह फक्त जन्मतः स्त्री असलेल्यांसाठी ठेवायचे असेल, तर त्याच कलमाखाली पारलिंगी पीडितांच्या आधारगृहाचा निधी दिसला पाहिजे. महिला गटात एसआरवायची अट घालायची असेल, तर जनुक सापडलेल्या मुलीला गुप्तता, डॉक्टर आणि अपिलाची मुदत कोण देणार, हे चाचणीच्या आधी ठरले पाहिजे. एप्रिल अॅशले, पातिन्यो आणि भादली बुद्रुकची उमेदवार या तिघींच्या वाट्याला आलेल्या त्रासाचे कारण सारखेच होते. त्यांना वर्गात बसवायचे की बाहेर ठेवायचे, यावर सगळे बोलले. बाहेर ठेवल्यावर त्यांनी जगायचे कसे, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. व्याख्या करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे. ही ओळ लिहिण्याची जबाबदारीही त्याच अधिकाराचा भाग आहे, आणि पुढचे कोणतेही विधेयक वाचताना आपण सर्वांत आधी तीच ओळ शोधली पाहिजे.